आईच्या डोळ्याचं प्रेशर, एन्झाइमची गोळी आणि खाजेची ती बाटली

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, आधी आहे तसा परत मांडतो म्हणजे वाचणाऱ्या बाकीच्यांनाही कळेल. आई ६२ वर्षांची, यावलकडची केळीची शेती, सहा महिन्यांपूर्वी काचबिंदू निघाला. प्रेशर उजव्यात २८, डाव्यात २६ होतं. रात्री एक लॅटानोप्रोस्टचा थेंब सुरू केला, दोन महिन्यांत १८-१९ वर आलं, आणि आता परत २४-२५ दाखवतंय म्हणून डॉक्टर लेझर म्हणतायत. तुम्ही नेटवर वाचलं की डोळ्यातली जाळी साफ ठेवणारं एमएमपी नावाचं एन्झाइम कमी पडलं की पाणी तुंबतं. मेडिकलवाला म्हणाला एन्झाइमची गोळी आहे आपल्याकडे, सोबत झिंक चालू करा. तर तुम्ही विचारताय की ही गोळी देऊ का, आणि लेझरने ती जाळी जळून जाईल का. आणि सगळ्यात शेवटी, जाता जाता एक ओळ लिहिलीय की थेंबाने आईचे डोळे खाजतात, लाल होतात, त्यासाठी मेडिकलवरून एक वेगळा थेंब आणता, त्याने लगेच बरं वाटतं.

मी डोळ्यांचा डॉक्टर, त्या शेवटच्या ओळीवर थांबलो. तुमच्यासाठी ती फुटकळ असेल, माझ्यासाठी तोच प्रश्न आहे. पण तिथे सरळ उडी मारली तर "डॉक्टर लोक असंच घाबरवतात" वाटेल, म्हणून आधी एन्झाइमचं समजून घेऊ. तुम्ही जे वाचलंय ते चुकीचं नाहीये, अर्धं आहे.

तुम्ही केळीवाले, म्हणून शेतातल्या ठिबकच्या ड्रिपवरून सांगतो. डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात एक पाणी सतत तयार होत असतं. अश्रू नव्हे, अश्रू बाहेरचे, हे आतलं. मिनिटाला अडीच मायक्रोलिटरच्या आसपास, म्हणजे चोवीस तासांत साडेतीन मिलीच्या आसपास, चहाचा चमचा भरत नाही. कप्प्यात एका वेळी पाव मिली असतं आणि दीड-दोन तासांत सगळं बदलून जातं. जेवढं येतं तेवढंच बाहेर जायला पाहिजे. मोटर चालूच आहे, ती बंद करता येत नाही, आणि पुढे फिल्टर चोंदला तर पाइपात प्रेशर वाढणार, एवढं साधं आहे. फरक इतकाच की शेतात प्रेशर वाढलं की लॅटरल, म्हणजे ड्रिपची बारीक नळी, फुटतो आणि आपल्याला दिसतं. डोळ्यात काही फुटत नाही, मागे मेंदूकडे जाणारी नस हळूहळू वाळत जाते आणि माणसाला पत्ता नसतो.

तो फिल्टर म्हणजेच तुम्ही वाचलेली जाळी. काळं बुबुळ आणि पांढरा भाग जिथे मिळतो तिथे आतल्या बाजूने कोनात ती गोल बसलेली असते. तिच्यातून पाणी गाळलं जाऊन एका बारीक गोल नळीत जातं. ही नळी १८३० साली श्लेम नावाच्या जर्मन माणसाने दाखवली म्हणून आजही तिला श्लेमची नळी म्हणतात, आणि तिथून पाणी पुढे रक्तात मिसळतं. आता गंमत अशी की जाळीचा सगळा भाग अडथळा करतच नाही. खरा अडथळा अगदी शेवटच्या थरात असतो, नळीला चिकटून असलेल्या काही मायक्रॉनच्या पट्टीत. तिथे कोलॅजन, फायब्रोनेक्टिन, साखरेच्या साखळ्या लागलेली प्रथिनं असा एक चिकट भराव असतो. थोडा भराव लागतोच, नाहीतर डोळा फुग्यासारखा बसेल. जास्त झाला की तुंबलं.

हा भराव एकदा घातला आणि संपलं असं नसतं. जाळीवरच्या पेशी तो सतत बनवत असतात आणि सतत कापतही असतात, आणि कापायची कात्री म्हणजे तुमचं एमएमपी. मॅट्रिक्स मेटॅलोप्रोटिनेज असं लांबलचक नाव, मेटॅलो म्हणजे धातूवालं, कारण त्याच्या मध्यभागी झिंकचा अणू बसलेला असतो. मेडिकलवाल्याच्या डोक्यात झिंक कुठून आलं ते आता कळलं असेल. याचा शोध डोळ्यात लागलेलाच नाही. १९६२ साली ग्रॉस आणि लापिएर हे दोघं बेडकाच्या पिल्लाची शेपूट कुठे जाते ते शोधत होते, पावसाळ्यात डबक्यात वळवळणारी ती शेपटीवाली पिल्लं, त्यांची शेपूट तुटून पडत नाही, अंगातच विरघळते, आणि ती विरघळवणारं एन्झाइम म्हणजे या घराण्यातलं पहिलं सापडलेलं. माणसात आता त्याचे वीसच्या वर प्रकार माहीत आहेत. जखम भरताना, बाळंतपणानंतर गर्भाशय आकसताना, हाड झिजताना-बनताना, जिथे जिथे जुनं पाडून नवं बांधायचं असतं तिथे हे हजर.

आणि शरीर ही कात्री मोकळी सोडत नाही हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे. पेशी ती म्यानात घालूनच बाहेर टाकते, लागेल तेव्हाच म्यान निघतं, आणि वरून टिंप नावाचे चार प्रकारचे लगाम असतात जे कात्रीचं तोंड धरून ठेवतात. म्हणजे महत्त्व कात्री आणि लगाम यांच्या मेळाला आहे, नुसतं एन्झाइम किती आहे याला नाही. प्रेशर थोडं वाढलं की जाळी ताणली जाते, पेशींना ताण कळतो, त्या जास्त कात्र्या सोडतात, भराव पातळ होतो आणि दोन-चार दिवसांत पाणी परत नीट वाहायला लागतं. तुमच्या-माझ्या डोळ्यात हे आत्ता चालू आहे. काचबिंदूत ही दुरुस्ती मागे पडते, वयाने जाळीतल्या पेशीही कमी झालेल्या असतात आणि भराव साचत जातो. १९९८ मध्ये अमेरिकेत दान केलेल्या माणसाच्या डोळ्यांचा पुढचा भाग प्रयोगशाळेत पाणी चालवत जिवंत ठेवून हे तपासलं होतं. एमएमपी वाढवलं की निचरा वाढला, त्याला दाबून धरलं की कमी झाला. तुम्ही वाचलेलं बहुतेक या लाइनीतलंच काहीतरी असणार.

मग एन्झाइम कमी पडतंय तर एन्झाइम द्या, हिशोब सरळ वाटतो. इथेच घोटाळा आहे.

मेडिकलवाल्याची एन्झाइमची गोळी म्हणजे जवळजवळ नक्की सेराशिओपेप्टिडेज असणार, दात काढल्यावर, मार लागल्यावर सूज उतरायला देतात ती. ते रेशमाच्या किड्याच्या आतड्यातल्या एका जंतूपासून मिळवलेलं एन्झाइम आहे. ते आणि डोळ्यातलं एमएमपी दोघं प्रथिनं कापतात हे खरं, पण विळा आणि न्हाव्याचा वस्तराही दोन्ही कापतातच. तोंडाने घेतलेलं प्रथिन पोटात बऱ्यापैकी पचतं, जे काही रक्तात जाईल त्याला डोळ्याच्या आत जायला पहारा आहे, रक्तातली मोठी प्रथिनं डोळ्यातल्या पाण्यात सहज शिरत नाहीत. काचबिंदूसाठी ही गोळी उपचार म्हणून कुठेच नाही. झिंकचंही तसंच. एमएमपीत झिंक असतं हे खरं, पण घरात लोखंडी सळई जास्त आणून ठेवली म्हणून गवंडी जास्त येत नाहीत. डोळ्यांसाठी झिंक देतात ते वयामुळे पडद्याचा मधला भाग खराब होतो त्या आजारात, तो वेगळा आजार, काचबिंदू नाही, लोक दोन्हीची सरमिसळ करतात.

समजा उद्या खरोखर एमएमपी वाढवणारी गोळी निघाली, तरी मी आईला देणार नाही. कारण सांगतो. आपल्याकडे तंबाखू मळणाऱ्यांच्या खिशात चुन्याची पुडी असते, पोरं ती दाबतात, फुटते आणि चुना डोळ्यात जातो. दर वर्षी असं एखादं पोर येतंच. चुना डोळ्यात गेला की पहिले काही दिवस आम्हाला भाजण्याइतकीच धास्ती असते ती बुबुळ वितळण्याची. आणि ते कोण वितळवतं? हीच मंडळी. जखमेने चवताळलेली एमएमपी बुबुळाचं कोलॅजन कापत सुटतात, पातळ होत होत भोक पडू शकतं. तिथे आम्ही डॉक्सिसायक्लिन देतो, त्यातलं एक कारण हेच की ते एमएमपीला आवर घालतं. एकाच डोळ्यात, काही मिलिमीटरच्या अंतरावर, एका ठिकाणी कात्री जास्त हवी आणि दुसऱ्या ठिकाणी जास्त झाली तर सत्यानाश. तुम्ही ड्रिपला ऍसिड ट्रीटमेंट करता तेव्हा ऍसिड मोजून, व्हेंचुरीतून, ठरावीक वेळ ठेवून मग फ्लश करता ना, विहिरीत कॅन ओतत नाही. तेच आहे हे. (शास्त्रज्ञ जाळीतच ही कात्री वाढवायचा प्रयत्न करतायत, २०१० च्या सुमारास मेंढ्यांवर एमएमपी-१ चा जीन विषाणूच्या पाठीवर बसवून डोळ्यात सोडला होता आणि प्रेशर उतरलं होतं, पण ते अजून आपल्या ओपीडीपर्यंत आलेलं नाही.)

आता मुद्द्याची गोष्ट. एन्झाइम वाढवायचं औषध तुमच्या आईकडे आधीच आहे, रात्रीचा तो लॅटानोप्रोस्टचा थेंब. अमेरिकेत तो १९९६ साली आला आणि तेव्हापासून काचबिंदूत बहुतेक वेळा हाच गट पहिला दिला जातो. हा थेंब पाणी बनणं कमी करत नाही. जाळीच्या मागे डोळ्यात एक स्नायू असतो, पाण्याचा थोडा भाग त्या स्नायूच्या धाग्यांमधूनही झिरपून जातो, हा दुसरा रस्ता, आडवाट म्हणा. लॅटानोप्रोस्ट त्या स्नायूतल्या पेशींना एमएमपी जास्त बनवायला लावतो, धाग्यांमधलं कोलॅजन कमी होतं, आडवाट रुंद होते. प्रेशर साधारण पाव ते एक तृतीयांश उतरतं. २८ चं १९ झालं म्हणजे तुमच्या आईला तो लागू पडला होता, हे विसरू नका.

पण रस्ता रुंद करणं हे बांधकामाचं काम आहे, नळाची तोटी फिरवण्यासारखं नाही, म्हणून पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार आठवडे जातात, आणि थेंब बंद केला की भराव परत साचतो. यासाठीच रोज म्हणजे रोज. आमच्याकडे एक आजी दर वेळी विचारतात, "डोया दुखत नही, मंग थेंब कसाले टाकाना?" काय सांगणार, बरोबरच आहे त्यांचं, दुखत नाही तेच तर या आजाराचं वाईट आहे. दुखला असता तर लोक रांगा लावून आले असते.

आता ती बाटली.

खाजेवर "लगेच बरं वाटतं" असा थेंब, मेडिकलवरून, चिठ्ठीशिवाय, आपल्या भागात. मी खात्रीने सांगू शकत नाही, बाटली पाहिलेली नाही. पण पैज लावायची तर मी स्टिरॉइडवर लावेन. आणि स्टिरॉइड हा या सगळ्या गोष्टीचा उलटा गिअर आहे. जाळीतल्या पेशींना डेक्सामेथासोन मिळालं की त्या एमएमपी कमी बनवतात, फायब्रोनेक्टिनसारखा भराव जास्त बनवतात, आणि पेशींच्या आतला सांगाडाही आखडतो त्यामुळे जाळी ताठर होते. म्हणजे रात्री तुम्ही एका बाटलीने कात्र्या वाढवताय आणि दिवसा दुसऱ्या बाटलीने जाळीतल्या कात्र्या काढून घेताय. सगळ्यांचंच प्रेशर वाढतं असं नाही. साधारण तीन जणांत एकाचं थोडंफार वाढतं आणि शंभरात पाचेक जणांचं भरपूर. पण हे झालं साध्या माणसांचं, ज्यांना काचबिंदू आधीपासून आहे त्यांच्यात बहुतेकांचं वाढतं. वाढायला दोन ते सहा आठवडे लागतात. १८-१९ वरून २४-२५, मधे काही आठवडे, हे कॅलेंडर मला जुळताना दिसतंय. खाजेचा थेंब नेमका कधी सुरू केला ते तुम्ही लिहिलं नाही, ते आठवून बघा.

आपल्या भागात हे फार बघतो. उन्हाळा ४४-४५ डिग्रीचा, कोरडी हवा, धूळ, कापसाचं-गव्हाचं रान, एप्रिल आला की पोरांचे डोळे खाजून लाल. आई-बाप मेडिकलवर जातात, थेंब मिळतो, दोन दिवसांत पोरगं हसतं. मग दर उन्हाळ्यात तोच थेंब, मग बारा महिने. एकदा दहावीतला मुलगा आला, तक्रार काय तर फळा दिसतो पण सायकलवर बाजूची माणसं दिसत नाहीत. पाच-सहा वर्षं तोच थेंब. प्रेशर चाळिशीत, नस वाळलेली. आपण प्रेशर उतरवलं, ऑपरेशन केलं, पण गेलेली बाजूची नजर परत आणायला आजही काही उपाय नाही. त्याचे वडील मला म्हणाले, पण थेंबाने बरंच वाटत होतं की. या वाक्याचं उत्तर मला आजवर नीट देता आलेलं नाही.

आणि चूक फक्त मेडिकलची असते असंही नाही, माझी सांगतो. प्रॅक्टिसची पहिली पाच-सहा वर्षं असतील, एका बाईंचं प्रेशर काही केल्या उतरेना. मी एक थेंब दिला, मग दुसरा, मग तिसरा, प्रत्येक वेळी त्या "टाकते हो डॉक्टर" म्हणायच्या आणि मी मनात म्हणायचो टाकत नसणार. चौथ्या वेळी त्यांची सून सोबत आली आणि बोलता बोलता निघालं की सासूबाई वांगासाठी तोंडाला एक क्रीम लावतात, दोन वर्षांपासून, डोळ्यांच्या खालीसुद्धा. ट्यूब मागवली, बेटामेथासोन. पापणीवरून, बोटावरून ते डोळ्यात जातंच. क्रीम बंद, दीड महिन्यात दोन थेंब काढून टाकता आले. तेव्हापासून मी "कोणतं औषध घेता" असं विचारतच नाही, "अंगाला, तोंडाला, नाकात, डोळ्यात काय काय घालता" असं विचारतो आणि पिशवी घेऊन यायला सांगतो.

तर बाटलीवर बघा. नाव मोठ्या अक्षरात असतं ते सोडा, खाली बारीक अक्षरात घटक असतात. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन, डायफ्लुप्रेडनेट, फ्लुओरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल यांतलं काही दिसलं तर ते स्टिरॉइड. शेवटचे दोन जरा सौम्य, त्यांनी प्रेशर कमी वाढतं, पण वाढत नाही असं नाही. बऱ्याचदा ते अँटिबायोटिकच्या जोडीने असतं आणि ब्रँडच्या नावाला मागे डी किंवा डीएम असं शेपूट असतं, लोकांना वाटतं साधं जंतूंचं औषध आहे. स्टिरॉइड निघालं तर वापरणं थांबवा आणि त्याच आठवड्यात डॉक्टरांना बाटली दाखवा. एक अपवाद, मोतीबिंदूचं किंवा दुसरं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा डोळ्याच्या आत सूज आहे म्हणून डॉक्टरांनीच दिलं असेल तर स्वतःहून बंद करू नका, आधी फोन करा. खाजेसाठी आणलेलं असेल तर थांबवायला हरकत नाही. थांबवल्यावर प्रेशर साधारण एक ते चार आठवड्यांत खाली येतं, वर्षानुवर्षं वापरलेलं असेल तर मात्र कधी कधी तसंच राहतं.

खाजेचं काय मग? ती खरी आहे, तिला झटकून टाकू नका, खाज राहिली तर आई दोन्ही बाटल्या फेकून देईल आणि तेही चुकेल. लॅटानोप्रोस्टने डोळा लाल होतो, सुरुवातीला जास्त, पुढे बहुतेकांचं कमी होतं. पापण्यांचे केस लांब आणि दाट होतात, त्याचं टेन्शन नको. काहींना मूळ औषध नाही तर त्यातलं प्रिझर्वेटिव्ह, बेन्झाल्कोनियम, ते सोसत नाही. त्यांच्यासाठी प्रिझर्वेटिव्ह नसलेले थेंब मिळतात, थोडे महाग. खाजेला गार पाण्याची पट्टी, कोरडेपणाचे साधे थेंब, नाहीतर ऑलोपॅटॅडीनसारखं अॅलर्जीचं औषध, ज्यात स्टिरॉइड नसतं, हे डॉक्टर बघून देतील. आणि तरी नाहीच सोसलं तर काचबिंदूचा थेंबच बदलायचा, दुसरे गट आहेत. फक्त टिमोलॉल द्यायची वेळ आली आणि आईला दमा असेल किंवा नाडी मंद असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा, थेंब डोळ्यातला असला तरी छातीपर्यंत जातो.

प्रेशर परत वाढायचं कारण स्टिरॉइड नसूही शकतं, तेही बघू. उन्हाळ्यात बाटली कुठे ठेवता? लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची असते, उघडल्यावर २५ डिग्रीपर्यंत चार ते सहा आठवडे चालते, पण मे महिन्यात यावल-रावेरकडे पत्र्याच्या घरात २५ डिग्री कुठून आणणार, म्हणून मी आमच्या लोकांना उघडलेलीसुद्धा फ्रिजच्या दारातच ठेवायला सांगतो, आणि तारीख पेनाने बाटलीवर लिहायची. बाटली एक महिन्याची, आई ती तीन महिने पुरवतेय का तेही बघा, पैसे वाचवायला बरेच जण एक दिवसाआड टाकतात आणि सांगत नाहीत. थेंब टाकताना एकदा समोर बसून बघा, अर्धा गालावर जातो का. एक थेंब पुरे, मग डोळा मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोट दाबून दोन मिनिटं. आणि प्रेशर मोजायचं मशीन दोन्ही वेळा तेच होतं का, हवेचा झोत मारणारं आणि निळा दिवा टेकवून मोजणारं यांत दोन-चार पॉइंट इकडेतिकडे होतात. हे सगळं नीट असूनही वाढलंय तर मग आजार पुढे सरकतोय असं धरायचं.

आता लेझर. इथे आधी तुम्हालाच एक प्रश्न, डॉक्टरांनी कोणता लेझर सांगितला? काचबिंदूत दोन वेगळे लेझर आहेत आणि लोक दोघांना नुसतं लेझरच म्हणतात. काहींच्या डोळ्यात तो कोनच अरुंद असतो, जाळी चांगली असते पण तिच्यापर्यंत पाणी पोचायला वाट नसते. आपल्या देशात असे पेशंट बरेच आहेत. त्यांना बुबुळाच्या रंगीत पडद्यात बारीक भोक पाडायचा लेझर करतात, त्याचा एन्झाइमशी काही संबंध नाही. ज्यांचा कोन मोकळा आहे आणि जाळीच चोंदलीय त्यांना दुसरा, त्या जाळीवरच मारायचा, त्याला एसएलटी म्हणतात. कोन मोकळा की बंद हे ठरवायला डॉक्टर डोळ्यावर एक आरशाची काच टेकवून बघतात, गोनिओस्कोपी म्हणतात. ती झाली का, विचारा. झाली नसेल तर लेझरचा निर्णय त्यानंतरच.

एसएलटी असेल तर जळायची भीती मनातून काढा. तुम्ही जे वाचलं असेल ते जुन्या आर्गॉन लेझरचं, १९७९ पासूनचा, तो खरंच जाळीवर बारीक बारीक चटके द्यायचा. एसएलटी १९९० च्या दशकात निघाला, अमेरिकेत २००१ मध्ये मान्यता मिळाली. त्याचा झटका तीन नॅनोसेकंदांचा असतो, जाळीतल्या रंगद्रव्य असलेल्या पेशी तेवढ्या तो टिपतो, आजूबाजूला उष्णता पसरायला वेळच मिळत नाही. मग काम कसं होतं? झटका बसलेल्या पेशी हाक मारतात, इंटरल्यूकिन-१ आणि टीएनएफ अशा संदेशांनी, आणि त्या हाकेला ओ देऊन शेजारच्या पेशी एमएमपी वाढवतात, विशेषतः एमएमपी-३. भराव कापला जातो, साफसफाई करणाऱ्या पेशी येतात, निचरा वाढतो. म्हणजे मेडिकलवाल्याच्या गोळीत तुम्ही जे शोधत होता ते हा लेझर करतो, आणि नेमक्या त्या जागी, तेवढ्यापुरतं. दहा-पंधरा मिनिटांचं काम, भूल म्हणून नुसते थेंब, त्याच दिवशी घरी. परिणाम दिसायला चार-सहा आठवडे, कारण तेच, बांधकाम.

ब्रिटनमध्ये यावर मोठी चाचणी झाली, २०१९ मध्ये छापून आली, नव्या पेशंटना थेंबांऐवजी आधी एसएलटी केला तर तीन वर्षांनी सुमारे ७४ टक्के लोकांना प्रेशर ताब्यात ठेवायला एकही थेंब लागत नव्हता. म्हणून आता मी स्वतः थेंब विसरणाऱ्या, सोसत नसलेल्या पेशंटला एसएलटी लवकर सुचवतो, आधी असं करत नव्हतो. पण आयुष्यभराचा नाही, काही वर्षांनी परिणाम उतरतो, बऱ्याच जणांना परत करता येतो. आणि काही जणांत लागतच नाही, कोणात लागणार हे आधी सांगता येत नाही, तेवढं मनात ठेवून जायचं. नस खूप वाळलेली असेल आणि प्रेशर अगदी खाली हवं असेल तर लेझर पुरत नाही, ऑपरेशन करावं लागतं. तुमच्या आईच्या नसेची अवस्था, म्हणजे फील्ड टेस्ट (बाजूची नजर तपासायची) आणि ओसीटी (नसेचा स्कॅन), तुम्ही लिहिलेली नाही म्हणून यावर मी जास्त बोलत नाही.

एक गंमत सांगतो, नुसत्या थिअरीवरून औषध ठरवणाऱ्या आम्हा डॉक्टरांचीही जिरते ती. लेझरचं काम सूज आणणाऱ्या संदेशांमधून होतं, मग लेझरनंतर सूज उतरवणारे थेंब दिले तर परिणाम मरेल असं बरेच जण मानायचे, मीही मानायचो, द्यायचं टाळायचो. २०१९ च्याच एका चाचणीत उलटं निघालं, लेझरनंतर थोडे दिवस असे थेंब घेतलेल्यांचं प्रेशर तीन महिन्यांनी जास्तच उतरलेलं होतं. त्यामुळे तुमच्या डॉक्टरांनी लेझरनंतर चार-पाच दिवसांचा असा थेंब दिला, अगदी स्टिरॉइड असला तरी, तर मी वर लिहिलेलं दाखवून त्यांच्याशी भांडू नका. चार दिवस आणि चार महिने यात फरक आहे.

मी तुमच्या जागी असतो तर या आठवड्यात लेझरची तारीख घेतली नसती. आधी खाजेची बाटली थांबवली असती, घरातल्या सगळ्या ट्यूब-बाटल्या पिशवीत घालून आईसोबत डॉक्टरांकडे गेलो असतो, आणि तीन-चार आठवड्यांनी, थेंब रोज नीट टाकून, परत प्रेशर मोजा म्हणून सांगितलं असतं. नस बरी असेल तर तेवढं थांबता येतं. खूप खराब असेल किंवा प्रेशर तिशीच्या वर गेलं तर थांबायचं नाही, हा निर्णय डोळा बघणाऱ्या डॉक्टरांचा. आलं १८-१९ वर तर लेझर लागेल की नाही ते निवांत ठरवता येईल, नाही आलं तर एसएलटी करून घ्या, घाबरण्यासारखं त्यात काही नाही. एन्झाइमची गोळी आणि झिंक मेडिकलवाल्याला परत.

आणि तुमचं स्वतःचं वय लिहिलं नाहीत. आई-वडिलांना काचबिंदू असला की मुलांना धोका बराच जास्त असतो, चाळिशी ओलांडली असेल तर त्याच फेरीत तुमचंही प्रेशर आणि नस बघून घ्या, बहीण-भावांनाही सांगा. बाटली सापडली की तिच्यावरची ती बारीक अक्षरं इथे लिहून टाका, ओपीडी आटोपली की रात्री बघतो.